ताप उतरला, आता गळती सांभाळा

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

पावसाळा म्हटलं की आपल्या तुळिंजमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या. रस्त्यावर साचलेलं पाणी आणि घरात भरून ठेवलेले ड्रम. डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो ती बहुधा या दुसऱ्या, स्वच्छ पाण्यात. मग कुणीतरी तापाने फणफणतं आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "प्लेटलेट किती?"

प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो बऱ्याचदा रक्तवाहिन्यांच्या गळतीमुळे. ही गळती होते कशी, तेच आज बघू.

रक्तवाहिनी म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप नव्हे. तिच्या आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. या पेशी एकमेकींना धरून उभ्या असतात, अगदी कबड्डीतल्या साखळीसारख्या. त्यांचे 'हात' म्हणजे व्हीई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन. एका पेशीचं कॅडहेरिन शेजारणीच्या कॅडहेरिनला पकडतं, आणि पेशीच्या आत ते कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेलं असतं. शिवाय क्लॉडिन नावाची प्रथिनं उरलेली फट आवळून धरतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत क्लॉडिन-५ फार महत्त्वाचं. ते नसलेल्या उंदरांवरचा जपानी संशोधकांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या उंदरांच्या रक्तवाहिन्या दिसायला नीट होत्या, तरी लहान रेणू मेंदूत झिरपत होते. म्हणजे भिंत शाबूत असूनही सांधा गळू शकतो.

आता गंमत बघा. हे हात कधीकधी मुद्दाम सैल केले जातात. डास चावल्यावर गांधी उठते ना? तिथे हिस्टामिन सुटतं, पेशींची पकड क्षणभर ढिली होते आणि रक्तातलं पाणी बाहेर येतं. म्हणून सूज. या वाटेने संरक्षणाची प्रथिनंही बाहेर पडतात. गळती थोडी, एका जागी आणि थोडा वेळ असेल तर ती कामाचीच.

डेंग्यूत तीच गोष्ट शरीरभर होते. विषाणू एनएस१ नावाचं प्रथिन रक्तात सोडतो. हो, तेच, ज्याची तपासणी लॅबवाले पहिल्या काही दिवसांत करतात! प्रयोगशाळेत असं दिसलंय की हे एनएस१ रक्तवाहिनीच्या आतला साखरेसारख्या रेणूंचा संरक्षक थर खरवडतं आणि पेशींमधले सांधे सैल करतं. त्यात आपल्याच प्रतिकारशक्तीने सोडलेली रसायनं भर घालतात. मग प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, छातीच्या आणि पोटाच्या पोकळीत झिरपतो. लाल पेशी मात्र बहुतेक आतच राहतात.

आमटीतलं पाणी आटलं की ती दाट होते, तसं रक्त दाट होतं. सीबीसी रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही अशी एक ओळ असते. प्लेटलेट घसरत असताना हा आकडा वर चढू लागला, तर डॉक्टर सावध होतात. तो नेहमीपेक्षा २० टक्क्यांनी वाढणं ही गळतीची ठळक खूण. नुसता प्लेटलेटचा आकडा ही गोष्ट सांगत नाही. रक्तस्राव नसेल, तर केवळ आकडा कमी झाला म्हणून प्लेटलेट चढवायची बहुतेक वेळा गरजही नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही गळती साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमकी ताप उतरताना सुरू होते. घरचे म्हणतात, "चला, सुटलो!" आणि खरी परीक्षा तिथेच असते. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, सुस्ती किंवा बेचैनी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लगेच हॉस्पिटल गाठा. तापासाठी आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनाने घेऊ नका. पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टर सांगतील तेवढंच.

दिलासा देणारी गोष्टही आहे. डेंग्यू सहसा भिंत पाडत नाही, हात सोडवतो. साधारण २४ ते ४८ तासांत पेशी पुन्हा एकमेकींना घट्ट धरतात आणि बाहेर गेलेलं पाणी रक्तात परत येऊ लागतं. म्हणूनच सलाइन मोजून द्यावं लागतं. कमी पडलं तर रक्तदाब कोसळतो, जास्त झालं तर परतणाऱ्या पाण्याची भर पडून फुप्फुसात पाणी साठू शकतं. "अजून एक बाटली लावा" असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका.

तर मंडळी, पुढच्या वेळी ग्रुपवर "प्लेटलेट किती?" आलं, की खाली एवढंच लिहा: "पीसीव्ही किती? लघवी होतेय ना? ताप कधी उतरला?"

आणि हो, आज ड्रम रिकामा करून आतून घासा. अंडी कडेला चिकटून बसतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. भेटू पुढच्या भागात!