काज, फणी आणि गाठ

टिटवाळा लोकलच्या बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळाली की हात कामाला लागतात. कुणी मेथी निवडतं, कुणी क्रोशाची सुई काढतं. परवा शेजारच्या काकूंचं तोरण आंबिवली, शहाड करत कल्याण येईस्तोवर बोटभर वाढलं. समोरच्या मुलीने विचारलं, "काकू, ही लेस का?"

"लेस कसली, क्रोशा गं. लेस दुकानात मीटरवर मिळते."

काकूंचं म्हणणं अर्धंच बरोबर. क्रोशाही लेसच, फक्त आकड्याची. सुईची लेस मात्र निराळी. ती साध्या शिवणाच्या सुईने होते आणि तिचा मूळ टाका घरातल्या प्रत्येक सदऱ्यावर असतो: काजाचा टाका. सुई कापडात घालायची, टोक बाहेर येताना तिच्याच धाग्याचा फास टोकाखाली घ्यायचा आणि ओढायचं. कडेला बारीक गाठींची ओळ बसते. सातवीत शिवणाच्या तासाला माझं काज इतकं आवळलं गेलं की त्यातून बटणच जाईना. बाईंनी ते वर्गभर फिरवलं.

हाच टाका सोळाव्या शतकात व्हेनिसच्या बायकांनी कापडाबाहेर नेला. कापडाचे दोन थर घ्यायचे, त्यांवर नक्षी आखलेलं चर्मपत्र ठेवायचं. नक्षीच्या रेषेवर धागा अंथरून तो बारीक टाक्यांनी थरांना बांधायचा. मग सुई खाली कशातही न टोचता, त्या अंथरलेल्या धाग्याच्या आधाराने काजाच्या ओळीमागून ओळी भरायच्या. शेवटी दोन थरांच्या मधून पातं फिरवून बांधणीचे टाके कापले, की लेस अलगद सुटी होते. इटालियन लोक तिला 'पुंतो इन आरिया' म्हणत, म्हणजे हवेतला टाका. फ्रान्समधल्या आलांसोंची अशी लेस युनेस्कोने २०१० साली वारशाच्या यादीत घेतली. तिथे एका चौरस सेंटिमीटरला सात तास जातात आणि हात बसायला सात ते दहा वर्षं.

या सगळ्यात मला नक्षीपेक्षा ते पातं मोलाचं वाटतं. आधार नेमका कधी काढायचा, हे ते ठरवतं. मुंबईत जन्मलेल्या दोघी कलावतींनी आधार काढण्याचा हाच उद्योग केला, एकीने मागावर आणि दुसरीने दोरावर.

मोनिका कोरिया यांचा जन्म १९३८चा, शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं. पती, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, १९६२मध्ये एमआयटीत शिकवायला गेले. तिथे फिनलंडमध्ये जन्मलेल्या विणकर मारियान स्ट्रेंगेल मोनिकाबाईंना भेटल्या आणि विणकामाचे पहिले धडे मिळाले. परतल्यावर त्या मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात शिकल्या.

मागावर फणी ताण्याचे धागे सारख्या अंतरावर धरते आणि बाणा ठोकून बसवते. फणीशिवाय कापड चोख येत नाही, हे कुठलाही विणकर सांगेल. मोनिकाबाईंनी विणता विणता फणीच काढून घेतली. उभे धागे एकमेकांकडे कलले, फाकले, पावसाळा सरल्यावर काळू नदी पात्रात पसरते तसे सैल वळत गेले. त्यांची विणलेली वस्त्रं आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत.

मृणालिनी मुखर्जी (१९४९-२०१५) यांनी तर मागच ठेवला नाही. बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकलेल्या या शिल्पकर्तीने रंगवलेल्या तागासारख्या दोराला हाताने गाठी मारत माणसापेक्षा उंच आकृती उभ्या केल्या. आधी रेखाटन करायचं नाही, गाठ नेईल तिकडे जायचं. पुढे त्या मातीकडे आणि ब्राँझकडे वळल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन उघडलं आणि काही दिवसांतच त्या गेल्या. २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये त्यांची शिल्पं मांडली गेली.

धाग्याच्या कामाला कला म्हणायचं की हस्तकला, हा वाद मला कंटाळवाणा वाटतो. खरा फरक नावाचा आहे. या दोघींची नावं भिंतीवर लागली, व्हेनिसच्या त्या बायकांची कुणी टिपून ठेवली नाहीत.

काकूंचं तोरण चमकत होतं, कारण धागा रेयॉनचा. हा धागा बनवणारे कारखाने आमच्याच रुळांच्या कडेला: शहाडला सेंच्युरी, आंबिवलीजवळ मोहने इथे एनआरसी. एनआरसी २००९मध्ये बंद पडली. काकूंना मी विचारलं, तोरणावर नाव घालता का? त्या हसल्या, "घरातलंच तर आहे."

दिवाळीच्या आवराआवरीत ट्रंकेतून आजीचे रुमाल, तोरणं निघतील. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. आणि आतल्या बाजूला कापडाची एक चिंधी टाका घालून लावा. तिच्यावर आजीचं नाव, गाव आणि साल लिहा.