सारखं म्हणजे किती सारखं?

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नावाने एक तक्ता तयार होतो. हिशेबनीस त्याला ‘टू-बी’ म्हणतात. माल विकणाऱ्यांनी आपापल्या विवरणपत्रांत जी बिलं दाखवली, त्यांची ही यादी. दुसरी यादी व्यापाऱ्याच्या टॅलीतून, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघते, ती खरेदीची. १ जानेवारी २०२२ पासून टू-बीत न दिसणाऱ्या बिलावर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही, आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याची मुदत २० तारखेची. जळगाव एमआयडीसीतल्या एखाद्या चटई कारखान्याचे कागद पिंप्राळ्यातल्या कर सल्लागाराकडे असले, तर मधल्या पाच-सहा दिवसांत त्याला या दोन याद्यांचा ताळा घालावा लागतो.

हे काम डोळ्यांनी करण्यात अर्थ नाही. एक्सेलमध्ये १९९३ पासून ‘व्हीबीए’ ही भाषा आहे; तिच्यात लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामला मॅक्रो म्हणायचं. नवशिका मॅक्रो लिहितो तो असा: पहिल्या यादीतलं एकेक बिल घ्या आणि दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक बिलाशी ताडून पाहा. दोन्हीकडे २० हजार ओळी असतील तर तुलना होतात ४० कोटी. शिवाय मॅक्रो दर वेळी शीटमधल्या चौकटीपर्यंत जाऊन येत असेल, तर चहा पिऊन आलात तरी पडदा गोठलेलाच.

मुरलेला माणूस दोन गोष्टी करतो. दोन्ही शीट एकाच दमात मेमरीत घेतो आणि एक यादी ‘डिक्शनरी’त भरतो. टपाल कचेरीत पत्त्यावरून पत्राचा खण ठरावा, तसं इथे बिलाच्या ओळखीवरून एक आकडा काढला जातो आणि तोच त्याची जागा ठरवतो. मग शोधताना अख्खी यादी चाळावी लागत नाही, थेट त्या खणात हात घालायचा. २० हजार वेळा ठेवणं, २० हजार वेळा बघणं. ४० कोटींचं काम ४० हजारांवर येतं. हे उलट दिशेनेही करावं लागतं. एक्सेलच्या नुसत्या ‘व्हीलूकअप’ या शोधसूत्रावर भागवणारे इथेच फसतात. आपल्याकडचं बिल टू-बीत आहे का, एवढंच ते पाहतात. टू-बीत असलेलं पण आपल्या वहीत चढवायचं राहून गेलेलं बिल तसंच निसटतं.

इथवर सगळं गणित. खरी डोकेदुखी त्या ‘ओळखी’त आहे. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होणारा. त्याबद्दल तक्रार नाही. बिल नंबर मात्र प्रत्येकाच्या मर्जीचा, १६ अक्षरांपर्यंत काहीही. ‘००१२३’ टाइप केलं की एक्सेल पुढची शून्यं खातं. ‘१२/२४’ ला ते डिसेंबर २०२४ समजतं आणि आत ४५६२७ हा आकडा साठवतं, कारण त्याच्या लेखी तारीख म्हणजे १९०० सालापासून मोजलेले दिवस. सगळे १६ अंकच असतील तर शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. एक्सेल १५ अंकांपलीकडे जपत नाही. रकमांचीही तीच तऱ्हा. द्विमान पद्धतीत ०.१ अचूक लिहिताच येत नाही, म्हणून मॅक्रोला ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ पेक्षा तसूभर वेगळी दिसते. जाणते लोक एखाद्या रुपयाचा फरक सोडून देतात, ते आळसाने नव्हे.

देवनागरीत तर आणखी मजा. खुद्द पिंप्राळा घ्या: कोणी पिंप्राळे लिहितो, कोणी पिंपराळा, कोणी पिम्प्राळा. हे निदान दिसतं तरी. आपल्याकडचं ‘बऱ्हाटे’ हे आडनाव दोन याद्यांत हुबेहूब सारखं दिसूनही मॅक्रोला वेगळं वाटू शकतं. एका टंकलेखकाने ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं असतं. दुसऱ्याने साधा ‘र’, हलन्त आणि पाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह. ते चिन्ह मॅक्रोत काढून टाकायचं तर त्याचा क्रमांक ८२०५ लिहावा लागतो. व्हीबीएच्या संपादकात थेट देवनागरी टाइप केली तर नुसती प्रश्नचिन्हं उमटतात!

तेव्हा तुलनेआधी साफसफाई करायची: मोकळ्या जागा, रेघा, पुढची शून्यं, अदृश्य चिन्हं काढून टाकायची. पण किती साफ करायचं? बिलांच्या बाबतीत मी हात सैल सोडेन. दोन वेगळी बिलं चुकून एक ठरलीच, तर रक्कम आणि तारीख बहुधा बोंब मारतात. एक बिल चुकून वेगळं ठरलं, तर एका फोनवर भागतं.

माणसांच्या यादीत, उदाहरणार्थ मतदार यादीत, हा सैलपणा चालत नाही. एकाच माणसाची नोंदणी दोनदा झाली असेल तर ओळखपत्रांचे क्रमांकही दोन असतात, त्यामुळे क्रमांक जुळवून काही हाती लागत नाही. नावावरच यावं लागतं. आणि खानदेशात नाव, वडिलांचं नाव आणि पुढे पाटील किंवा चौधरी, हे तिन्ही जुळणारी दोन वेगळी माणसं सापडणं नवलाचं नाही. २०२५ च्या अखेरीस स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावांपुढे दोन तारे लावले, ती नावं थेट खोडली नाहीत. अशा मतदाराला कोणत्या केंद्रावर मत देणार ते विचारायचं. तो भेटला नाही, तर मतदानाच्या दिवशी ओळख पटवून, दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही असं हमीपत्र त्याच्याकडून लिहून घ्यायचं.