मोटारगाडीतील आरंभदोष
एंजिन सुरू होण्यास अडथळा आणणारे दोष. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या पेट्रोल पिकअप गाडीत हे दोष विद्युत् आरंभक (स्टार्टर), प्रज्वलन किंवा इंधनपुरवठा यांपैकी एकात बहुधा आढळतात. किल्ली फिरविल्यावर एंजिन कसे फिरते, यावरून तपासणीची दिशा ठरते.

एंजिन मंद फिरत असल्यास किंवा नुसताच खटका ऐकू येत असल्यास प्रथम बॅटरी तपासतात. पूर्ण भारित १२ व्होल्ट बॅटरीचा विद्युत् दाब गाडी बंद असताना सु. १२·६ व्होल्ट असतो. आरंभक चालू असताना सर्वसाधारण तापमानात तो सु. ९·६ व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी दुर्बल समजतात. दाब टिकून असल्यास मात्र गंजलेली अग्रे, सांगाड्याशी जोडलेली सैल तार किंवा आरंभकाची परिनालिका सदोष असण्याचा संभव असतो. ही तपासणी न करता बॅटरी बदलल्यास खर्च वाया जातो व दोष तसाच राहतो.

एंजिन नेहमीच्या वेगाने फिरूनही पेट घेत नसल्यास प्रथम ठिणगी पाहतात. ती पडत नसल्यास वितरकातील संपर्कबिंदू, संधारित्र व प्रज्वलन वेटोळे तपासतात. पडत असल्यास इंधनपंप, गाळणी व कार्ब्युरेटर. पेट्रोलची वाफ व बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकत असल्याने ही चाचणी त्यांपासून दूर आणि गिअर सोडवूनच करावी लागते.