भीती घालून भागत नाही



मागील पालक-सभेत नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी लैंगिक आरोग्यावर डॉक्टरांचे व्याख्यान ठेवण्याचा विषय निघाला. तेव्हा एक पालक म्हणाले, "बाई, ठेवायचेच असेल तर मुलांना चांगली भीती घाला, म्हणजे ती वाकड्या वाटेला जाणार नाहीत." त्यांची काळजी खरी आहे. पण नुसत्या भीतीने माणसाचे वागणे बदलते का, याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. तो आपणापुढे ठेवते.

१९८७ साली ऑस्ट्रेलियात टीव्हीवर एड्सची एक जाहिरात आली. तिच्यात सांगाड्याच्या रूपातला यमदूत मोठा चेंडू फेकतो आणि ओळीने उभी असलेली माणसे, बायका, मुले कोसळतात. देशभर खळबळ उडाली. ज्यांना फारसा धोका नव्हता असे लोकही घाबरून तपासणीला धावले. ज्या समलैंगिक पुरुषांना या आजाराची सर्वाधिक झळ बसली होती, त्यांच्याकडेच काही लोक यमदूत म्हणून पाहू लागले. म्हणजे आजाराची भीती ही आजारी माणसाची भीती झाली.

थायलंडमध्ये हा आजार मुख्यतः वेश्याव्यवसायातून पसरत होता. तेथील सरकारने १९९१ पासून रेडिओ-टीव्हीवर वारंवार माहिती दिली, पण तेवढ्यावर न थांबता वेश्यागृहांत निरोध मोफत पुरवले आणि त्याच्या वापराचा नियम देशभर लागू केला. १९८९ साली तेथे निरोधाचा वापर सुमारे १४ टक्के होता. १९९३ पर्यंत तो ९० टक्क्यांच्या वर गेला. गुप्तरोगांचे रुग्णही झपाट्याने घटले.

असे का होते? येल विद्यापीठातील १९६५ चा एक प्रयोग धनुर्वाताच्या लसीविषयी आहे, पण बोध तोच आहे. फक्त पत्रक वाचलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३ टक्के लस घेण्यास गेले. ज्यांना सोबत दवाखान्याचा नकाशा व वेळा दिल्या, त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के गेले. पत्रक किती भीतीदायक होते, याने या आकड्यांत फारसा फरक पडला नाही. भीती वाटली आणि पुढचा मार्ग दिसला नाही, की माणूस "हे आपल्याला होत नसते" असे म्हणून डोळे मिटून घेतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी १ डिसेंबरच्या फेरीसाठी मी वर्गाकडून कवटीची चित्रे असलेले फलक करवून घेतले होते. आठवड्याने एक विद्यार्थिनी हळूच येऊन म्हणाली, "बाई, काकांना तो आजार आहे. घरात त्यांचे ताट वेगळे असते. मी त्यांच्याजवळ बसले तर चालेल का?" मरण कसे येते ते मी शिकवले होते, जवळ बसल्याने काही होत नाही, एवढे सांगायचे राहिले होते.

म्हणून सर्वांनी हे नीट ध्यानात घ्यावे. एचआयव्ही असुरक्षित संबंध, दूषित सुई, दूषित रक्त आणि आईकडून बाळाला, अशा मार्गांनी पसरतो. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने, डास चावल्याने पसरत नाही. आपल्या देशात २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधे मिळू लागली. नियमित औषध घेणारा माणूस दीर्घ आयुष्य जगतो, आणि रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतके कमी राहिले तर संबंधांतूनही संसर्ग होत नाही. रुग्णाशी भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. १०९७ या क्रमांकावर निःशुल्क माहिती मिळते.

माहिती दिल्याने मुले बिघडतील, ही शंका काहींच्या मनात आहे. २००७ साली आपल्या मध्य प्रदेशासह काही राज्यांनी शाळांतील असा कार्यक्रम याच चिंतेने थांबवला होता. परंतु अनेक देशांतील अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने सांगितले आहे की अशा शिक्षणाने मुले लवकर संबंधांकडे वळत नाहीत.

व्याख्यानाआधी कार्यालयाबाहेर प्रश्नपेटी ठेवली जाईल; चिठ्ठीवर नाव लिहू नये. आई-वडिलांनीही अवश्य यावे. मुलांनी घरी काही विचारले तर रागावू नका. त्यांनी आपल्यालाच विचारले, ही चांगली गोष्ट आहे.

आपली,
प्राचार्या