उपग्रह, विद्यार्थीनिर्मित

विद्यापीठातील वा तंत्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांनी शिक्षणाचा भाग म्हणून अभिकल्पित केलेला व जुळविलेला लघू उपग्रह. अमेरिकेतील जॉर्डी प्विग-स्वारी व बॉब ट्विग्ज यांनी १९९९ मध्ये १० सेंमी. बाजूच्या घनाकार उपग्रहाचे प्रमाण मांडले. असे पहिले उपग्रह ३० जून २००३ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून सोडण्यात आले. मोठ्या उपग्रहाबरोबर अग्निबाणातील उरलेली भारक्षमता वापरता येत असल्याने असे उपग्रह शैक्षणिक संस्थांच्या आवाक्यात आले. भारतात अण्णा विद्यापीठाचा सु. ४० किग्रॅ. वजनाचा अनुसॅट २० एप्रिल २००९ रोजी कक्षेत गेला.

महाराष्ट्रातील दोन विद्यार्थी-उपग्रह २०१६ मध्ये श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ (२२ जून) सु. १ किग्रॅ. वजनाचा होता. एवढ्याशा घनाच्या एका बाजूवरील सौर घटांपासून फार तर चार वॉट शक्ती मिळते. त्यामुळे उपग्रहाची दिशा स्थिर राखण्यासाठी वीज न लागणारी योजना त्यात केलेली होती : कायम चुंबक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला अनुसरून राहतो आणि मंदायनी पदार्थाच्या कांड्या उपग्रहाचे डोलणे उष्णतेच्या रूपात शोषून घेतात. एका ठिकाणाहून आलेला संदेश साठवून दुसरीकडे पोहोचविणे, हे त्याचे कार्य होते.

मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेचा ‘प्रथम’ (२६ सप्टेंबर, सु. १० किग्रॅ.) आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची संख्या मोजण्यासाठी योजलेला होता. इलेक्ट्रॉनांमधून जाताना ध्रुवित रेडिओ तरंगांचे ध्रुवणप्रतल वळते व कंप्रता जितकी कमी तितके ते अधिक वळते. म्हणून दोन कंप्रतांचे तरंग भूस्थानकांवर तपासून ही संख्या काढता येते. याच इलेक्ट्रॉनांमुळे मार्गनिर्देशक उपग्रहांच्या संदेशांना विलंब होऊन स्थाननिश्चितीत चूक येते आणि भारतासारख्या विषुववृत्तानजीकच्या प्रदेशात ती विशेष जाणवते. तेव्हा हा विषय केवळ सरावापुरता निवडलेला नव्हता.

दोन्ही प्रकल्पांना सु. आठ-नऊ वर्षे लागली. पदवीचा अभ्यासक्रम मात्र चार वर्षांचा असतो. साहजिकच ज्यांनी आरंभ केला त्यांपैकी बहुतेक उड्डाणापूर्वीच संस्था सोडून गेले आणि आधीच्या तुकडीने घेतलेले निर्णय पुढच्या तुकडीला नोंदींवरूनच समजून घ्यावे लागले. कंपनपीठावरील व निर्वातातील चाचण्यांइतकेच या नोंदींना महत्त्व असते, कारण कक्षेत गेलेल्या उपग्रहातील सैल जोड पुन्हा घट्ट करता येत नाही.