सार्वजनिक आरोग्याची ऑनलाइन आकडेवारी आणि ग्रामनियोजन : धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींच्या स्थानिक नियोजनाला घटनात्मक आधार प्राप्त झाला. महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमांतर्गत ग्रामपंचायत विकास आराखडा तयार केला जातो. अशा आराखड्यात रस्ते, गटारे, सभामंडप यांना सहज स्थान मिळते. मात्र रक्तक्षय, कुपोषण यांसारखे प्रश्न डोळ्यांना दिसत नसल्याने मागे पडतात. त्यांची व्याप्ती आकडेवारीतूनच लक्षात येते. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमात नंदुरबार, वाशिम व गडचिरोली यांच्यासह तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याचा समावेश झाला. या कार्यक्रमाच्या मूल्यमापनात आरोग्य व पोषणाला ३० टक्के भारांश देण्यात आला. या पार्श्वभूमीवर ऑनलाइन उपलब्ध आकडेवारीचा उपयोग व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

माहितीचे प्रमुख स्रोत :
पहिला स्रोत जनगणना होय. २०११ च्या जनगणनेनुसार आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ असून त्यांपैकी सुमारे ८३ टक्के ग्रामीण आहे. गावनिहाय लोकसंख्या व ० ते ६ वयोगटातील बालकांची संख्या येथे मिळते. दुसरा स्रोत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हा आहे. चौथ्या फेरीपासून, म्हणजे २०१५-१६ पासून, त्याची जिल्हानिहाय तथ्यपत्रके उपलब्ध आहेत. पाचव्या फेरीनुसार (२०१९-२०) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. चौथ्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. तिसरा स्रोत २००८ पासून कार्यरत असलेली आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली हा होय. तीत आरोग्य संस्थांनी दिलेल्या सेवांची मासिक नोंद होते. याशिवाय २०२१ पासून पोषण ट्रॅकरमध्ये अंगणवाडीतील बालकांची माहिती नोंदविली जाते.

आकडेवारीच्या मर्यादा :
जिल्ह्याचे नामांतर २०२३ मध्ये झाले. त्यामुळे जुनी माहिती 'उस्मानाबाद' या नावाखाली शोधावी लागते. २०११ च्या जनगणनेतील जिल्ह्याचा संकेतांक ५२५ हा अशा वेळी उपयुक्त ठरतो.

दुसरी मर्यादा नमुन्याची आहे. पाचव्या सर्वेक्षणात देशातील ७०७ जिल्ह्यांतून ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती घेण्यात आली. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यातून सरासरी सुमारे ९०० कुटुंबे. एवढ्या नमुन्यावरून जिल्ह्याचे चित्र उमटते, परंतु तालुक्याचे किंवा गावाचे अनुमान काढता येत नाही. तथ्यपत्रकात कंसात दिलेला आकडा २५ ते ४९ व्यक्तींच्याच माहितीवर आधारलेला असतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

तिसरी मर्यादा स्थळाची होय. आरोग्य प्रणालीत प्रसूतीची नोंद ती जेथे झाली त्या संस्थेच्या नावावर होते. परंडा तालुक्यातील स्त्री बार्शीला किंवा तुळजापूर तालुक्यातील स्त्री सोलापूरला प्रसूत झाल्यास तो आकडा दुसऱ्या जिल्ह्यात जातो. चौथी आणि अधिक गंभीर मर्यादा स्थलांतराची आहे. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात व गळीत हंगाम संपल्यावर परततात. या काळात गरोदर माता व बालके गावाच्या नोंदवहीतही नसतात आणि फडावरील नोंदीतही सापडतीलच असे नाही.

नियोजनातील उपयोजन :
आकडेवारीचा खरा उपयोग अपेक्षित संख्या व प्रत्यक्ष नोंद यांतील अंतर शोधण्यात आहे. उदाहरणार्थ, सपाट प्रदेशातील एका उपकेंद्राच्या निकषानुसार ५,००० लोकसंख्या घेतली आणि जन्मदर दर हजारी १५ धरला, तर वर्षाला सुमारे ७५ जन्म अपेक्षित ठरतात. नोंद केवळ ५५ जन्मांची असल्यास उरलेल्या २० माता कोठे आहेत, हा प्रश्न उपस्थित होतो. काही जणी बाळंतपणासाठी माहेरी गेल्या असतील, काहींनी खासगी रुग्णालय गाठले असेल, तर काही उसाच्या फडावर असतील. पहिल्या दोन बाबतींत नोंदींची जुळवणी पुरेशी ठरते. तिसऱ्या बाबतीत मात्र निघण्यापूर्वी तपासणी, सोबत माता व बाल संरक्षण कार्ड आणि परतल्यावर लसीकरण यांची तरतूद आराखड्यात करावी लागते. एकाच आकड्याची कारणे वेगळी असल्याने उपायही वेगळे होतात.

हा शोध संगणकावर पूर्ण होत नाही. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती यांच्याकडील माहितीशी त्याची पडताळणी आवश्यक असते. अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातीलच स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून प्रशिक्षित केले. गावाच्या आरोग्याचे ज्ञान गावातच निर्माण होऊ शकते, याचे हे जिल्ह्यातील उदाहरण होय.

महाविद्यालयांची भूमिका :
राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात दत्तक गावाचा आरोग्य तक्ता तयार करता येईल. भूगोल विभागाने नकाशा, अर्थशास्त्र विभागाने आकडेमोड व समाजशास्त्र विभागाने मुलाखती अशी विभागणी शक्य आहे. मात्र लहान गावात क्षयरोगासारख्या आजाराचा केवळ आकडा प्रसिद्ध केल्यानेही रुग्णाची ओळख उघड होऊ शकते. म्हणून ग्रामसभेत मांडावयाची माहिती निवडताना दक्षता घेणे अनिवार्य आहे.

निष्कर्ष :
ऑनलाइन आकडेवारी नियोजनाचा प्रारंभबिंदू आहे. ती नियोजनाला पर्याय नाही. जिल्ह्याची सरासरी सुधारली तरी ऊसतोड कामगारांची मुले त्या सरासरीबाहेर राहू शकतात. नोंदीत नसलेल्या माणसासाठी निधी मागता येत नाही. त्यामुळे आकड्यात कोण आले याइतकेच कोण आले नाही हे तपासणे, हेच या साधनांच्या वापरातील प्राध्यापक व विद्यार्थी यांचे महत्त्वाचे कार्य ठरते.