उंबरमाळीची स्क्रिप्ट आणि अनवस्था दोष

खर्डी सुटलं की कसाऱ्याआधी उंबरमाळी स्टेशन लागतं. तिथल्या एका घरी आम्ही एक शेल स्क्रिप्ट दिली होती, जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पानांवरून मजकूर उचलणारी. आमच्याकडे झकास चालायची. तिथे पहिल्याच पानाला थांबली. गंमत बघा, अक्षरं ओळखणारा टेसरॅक्ट प्रोग्राम तिथे होता. मराठीची डेटा फाइल नव्हती. ती वेगळी बसवावी लागते, आणि आम्ही आमच्या लॅपटॉपवर कधीतरी बसवून विसरलो होतो.

बीज एकट्याने उगवत नाही, माती-पाणी ही सहकारी कारणं हवीत, असं आपल्याकडे म्हणतात. आपण बीज पाठवतो आणि माती तिथे असेलच असं धरून चालतो.

साधा उपाय असा, की सुरुवातीलाच साधनं आहेत का ते तपासायचं. नसेल त्याचं नाव सांगून थांबायचं. अर्ध्यावर फजिती टळते. पण साधन आणायचं कोणी? लग्नातला आचारी झारे-पातेली स्वतःची घेऊन येतो ना, तसं करायचं तर निक्स आहे. एल्को डोल्स्ट्रा यांचा त्यावरचा युट्रेख्त विद्यापीठातला प्रबंध २००६ सालचा.

स्क्रिप्टची पहिली ओळ ती कोणी चालवायची हे सांगते. तिथे बॅशऐवजी निक्स-शेलचं नाव लिहायचं, दुसऱ्या ओळीत साधनांची यादी. निक्स ती उतरवून स्वतःच्या कोठारात ठेवतं. प्रत्येकाच्या नावाला हॅश जोडलेला, म्हणून दोन आवृत्त्या भांडत नाहीत.

इथे एक चकवा आहे. यादीत एखादं साधन राहिलं तरी ते बाहेरच्या मशीनवर असलं तर स्क्रिप्ट बिनबोभाट चालते. म्हणजे आमचीच चूक पुन्हा! त्यासाठी ‘प्युअर’ हा पर्याय द्यायचा. मग बाहेरचं बहुतेक काही दिसत नाही. शिवाय निक्सच्या पॅकेज-संग्रहाची नेमकी नोंद बांधून ठेवायची, नाहीतर पुढच्या वर्षी वेगळीच आवृत्ती येईल.

आता तुम्ही विचाराल, निक्स कोण आणणार? बरोबर. त्याला आणायला आणखी एक स्क्रिप्ट, तिला आणखी एक... हाच अनवस्था दोष. कुठेतरी थांबावंच लागतं. आम्ही निक्सपाशी थांबलो, ते हाताने बसवलं.

आणि पहिल्या खेपेला नेट लागतंच. म्हणून लॅपटॉप शहापूरला आणून एकदा स्क्रिप्ट चालवून घेतली, मग घरी ती नेटविना चालू लागली. फक्त निक्सची कचरा काढायची आज्ञा कोणी देऊ नये. ही साधनंही त्यात जातात.